इन्सुलिनचे प्रकार

इन्सुलिनचे प्रकार म्हणजे मधुमेहाच्या उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाच्या वेगवेगळ्या औषधी घडणी होत. त्वचेखाली टोचल्यानंतर इन्सुलिन किती वेळाने काम सुरू करते, त्याचा जोर केव्हा सर्वाधिक असतो आणि त्याचा परिणाम किती तास टिकतो, या तीन गोष्टींवरून हे प्रकार ठरतात. रक्तातील ग्लुकोज पेशींत जाऊ देणे आणि यकृतातून होणारा ग्लुकोजचा पुरवठा आवरणे, हे काम सर्व प्रकार सारखेच करतात. त्यांच्यात फरक आहे तो वेळेचा. तरीही हा फरक किरकोळ नाही. चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या सिरिंजने टोचलेले योग्य इन्सुलिनही जिवावर बेतू शकते.

मराठीत हा शब्द इन्सुलिन, इन्सुलीन आणि इन्शुलिन अशा तिन्ही रूपांत लिहिलेला आढळतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बेट असा आहे. स्वादुपिंडात विखुरलेल्या ज्या पेशीसमूहांत हे संप्रेरक तयार होते, त्यांना लांगरहान्सची बेटे म्हणतात. जर्मन संशोधक पाउल लांगरहान्स याने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले.

शरीरातील इन्सुलिन आणि टोचलेले इन्सुलिन

निरोगी शरीरात स्वादुपिंड दोन प्रकारे इन्सुलिन सोडते. एक म्हणजे रात्रंदिवस, पोट रिकामे असतानाही, थोडे थोडे झिरपत राहणारे. याला पायाभूत किंवा बेसल इन्सुलिन म्हणतात. दुसरे म्हणजे जेवणाबरोबर एकदम उसळणारे आणि जेवणाचा भार ओसरला की थांबणारे. याला बोलस इन्सुलिन म्हणतात. रक्तात पोहोचलेल्या इन्सुलिनपैकी निम्मे अवघ्या पाच-सहा मिनिटांत नाहीसे होते. त्यामुळे स्वादुपिंडाला रक्तातील साखरेप्रमाणे क्षणोक्षणी हात आखडता घेता येतो किंवा सैल सोडता येतो.

टोचलेल्या इन्सुलिनला ही सोय नाही. एकदा ते त्वचेखालच्या चरबीच्या थरात गेले की परत घेता येत नाही. साखर किती आहे याची त्याला जाण नसते, ते आपल्या गतीने रक्तात उतरत राहते. गेल्या शंभर वर्षांत निघालेले इन्सुलिनचे सर्व प्रकार म्हणजे स्वादुपिंडाच्या या दोन लयींची बाहेरून नक्कल करण्याचे प्रयत्न आहेत. त्यांतील काही प्रकार पहिल्या लयीची नक्कल करतात, काही दुसरीची, तर काही दोन्ही एकाच सुईत बसवू पाहतात.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशी जवळजवळ नष्ट झालेल्या असतात. अशा रुग्णाला, मग तो पाच वर्षांचा मुलगा असो वा पन्नाशीची स्त्री, इन्सुलिनवाचून जगता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सुरुवातीला आहार, व्यायाम आणि गोळ्या पुरेशा ठरतात, परंतु कालांतराने अनेकांना इन्सुलिनची जोड द्यावी लागते. इन्सुलिन सुरू होणे म्हणजे आजाराची शेवटची पायरी, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. तो निराधार आहे. गरोदरपणात, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा मोठ्या जंतुसंसर्गात काही काळ इन्सुलिन देऊन पुढे ते थांबवलेही जाते.

रेणूंचे झुपके : सर्व प्रकारांची किल्ली

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन आहे. त्यात २१ अमिनो आम्लांची अ साखळी आणि ३० अमिनो आम्लांची ब साखळी असून दोन्ही साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. ही रचना फ्रेडरिक सँगर यांनी १९५०च्या दशकात उलगडली. त्याबद्दल त्यांना १९५८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रेणूची त्रिमितीय घडण डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये स्पष्ट केली.

या रेणूंना एकत्र येण्याची ओढ असते. बाटलीतील द्रावात जस्ताच्या अणूंभोवती सहा-सहा रेणूंचे झुपके बांधले जातात. एवढा मोठा झुपका केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहज जाऊ शकत नाही. आधी तो फुटून त्याच्या जोड्या आणि मग सुटे रेणू व्हावे लागतात. साध्या इन्सुलिनचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो, तो या फुटण्याला. हे एकदा ध्यानात आले की पुढची सारी वर्गवारी पाठ करावी लागत नाही. रेणूंना झुपके बांधू दिले नाहीत तर इन्सुलिन शीघ्र होते आणि झुपके अधिक घट्ट केले किंवा रेणूंना कशाला तरी बांधून ठेवले तर ते दीर्घकालीन होते.

इतिहास

१९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढून साखर उतरवून दाखवली. प्रयोगशाळा जे. जे. आर. मॅक्लिऑड यांची होती. अर्क माणसाला देण्याइतका शुद्ध केला तो जेम्स कॉलिप यांनी. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली गेली, पण अशुद्ध अर्कामुळे गुण फारसा आला नाही. २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा शुद्ध अर्क दिला आणि मृत्यूच्या दारात असलेला मुलगा सावरला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. त्यांनी आपापला वाटा अनुक्रमे बेस्ट आणि कॉलिप यांच्याबरोबर वाटून घेतला. औषध सर्वांना मिळावे म्हणून पेटंटचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला देण्यात आले. आजच्या किमती पाहता या घटनेची आठवण वारंवार काढली जाते.

ते पहिले इन्सुलिन अल्पकाळ टिकणारे असल्याने दिवसातून तीन-चार वेळा, कधी मध्यरात्री उठूनही टोचावे लागे. सुया जाड आणि सिरिंज काचेच्या असत. प्रत्येक वेळी त्या उकळून घ्याव्या लागत. परिणाम लांबवण्याची निकड येथून निर्माण झाली. डेन्मार्कमधील हान्स क्रिस्तियान हागेडॉर्न यांनी १९३६ मध्ये माशांच्या शुक्रद्रवातील प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनमध्ये मिसळून ते सावकाश विरघळेल असे केले. १९४६ मध्ये त्यांच्याच संस्थेत इन्सुलिन आणि प्रोटामिन यांचे नेमके प्रमाण साधून ज्याला आज एनपीएच म्हणतात ते इन्सुलिन तयार झाले. या नावातील शेवटचे अक्षर हागेडॉर्न यांचे आहे. पुढे १९५०च्या दशकात प्रोटामिनऐवजी केवळ जस्ताच्या आधाराने लांबवलेले लेंटे इन्सुलिन आले. ते आता मागे पडले आहे.

सुमारे साठ वर्षे इन्सुलिन गायी-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासूनच मिळत असे. डुकराचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनपेक्षा एका, तर गोवंशाचे तीन अमिनो आम्लांनी वेगळे असते. एवढ्या फरकानेही काहींना पुरळ येई, टोचल्या जागी खड्डे पडत किंवा शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करी. धार्मिक भावनेचाही प्रश्न होताच. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिनचे जनुक जिवाणूत घालून ते प्रयोगशाळेत बनवण्यात यश आले आणि १९८२ मध्ये असे इन्सुलिन अमेरिकेत बाजारात आणण्यास मान्यता मिळाली. आज बाटलीवर ‘मानवी इन्सुलिन’ असे छापलेले असते त्याचा अर्थ ते माणसापासून काढलेले आहे असा नव्हे. ते जिवाणू किंवा किण्व यांच्याकडून बनवून घेतलेले, रचनेने मानवी इन्सुलिनसारखे असते. एनपीएचमधील प्रोटामिन मात्र आजही प्रामुख्याने माशांपासूनच मिळवले जाते.

१९९६ पासून मानवी रेणूतच हेतुपूर्वक फेरफार केलेली इन्सुलिने आली. त्यांना इंग्रजीत ॲनालॉग म्हणतात. मराठीत ‘सदृश इन्सुलिन’ असा शब्द कोणी कोणी वापरतात, परंतु डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्ण यांच्या तोंडी ॲनालॉग हाच शब्द बसला असल्याने या लेखात तोच ठेवला आहे.

परिणामकाळानुसार प्रकार

अल्पकालीन इन्सुलिन म्हणजे साधे, फेरफार न केलेले मानवी इन्सुलिन. याला रेग्युलर, प्लेन किंवा विद्राव्य इन्सुलिन म्हणतात. ते पाण्यासारखे स्वच्छ दिसते. टोचल्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांत जोरावर येते आणि सहा ते आठ तासांत ओसरते. म्हणून ते जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायचे असते. पान वाढल्यावर सुई शोधणाऱ्या घरांत हा नियम सर्वाधिक मोडला जातो. तसे झाले की जेवणानंतर साखर वाढलेली आणि चार तासांनी उतरलेली असा उलटा प्रकार दिसतो. शिरेतून देण्यासाठी रुग्णालयांत परंपरेने हेच इन्सुलिन वापरतात. रक्त आम्लधर्मी होऊन रुग्ण अत्यवस्थ होतो, त्या कीटोॲसिडोसिस या अवस्थेत ते सलाइनमधून दिले जाते. त्यामुळे नव्या प्रकारांच्या गर्दीतही याचे महत्त्व कमी झालेले नाही.

शीघ्र इन्सुलिनमध्ये लिस्प्रो, अस्पार्ट आणि ग्लुलिसिन हे तीन ॲनालॉग येतात. लिस्प्रोमध्ये ब साखळीच्या टोकाजवळच्या प्रोलिन आणि लायसिन या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केलेली आहे. त्याचे नावही या जोडीवरून पडले आहे. अस्पार्टमध्ये त्याच ठिकाणच्या प्रोलिनच्या जागी अस्पार्टिक आम्ल बसवले आहे. या बदलांमुळे झुपके सैल होतात, टोचल्यावर झटकन सुटतात आणि दहा-पंधरा मिनिटांत परिणाम सुरू होतो. जोर एक ते दोन तासांत येतो आणि तीन ते पाच तासांत परिणाम संपतो. जेवणाच्या अगदी आधी टोचता येते, ही याची मोठी सोय आहे. लहान मूल किती खाईल याचा भरवसा नसतो, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने घास संपल्यावर लगेच देण्याचीही मुभा असते. इन्सुलिन पंपात प्रामुख्याने हाच प्रकार भरतात. पंप ते थेंबाथेंबाने सोडून पायाभूत गरजही त्यातूनच भागवतो.

मध्यमकालीन इन्सुलिन म्हणजे एनपीएच किंवा आयसोफेन. ते दुधट, गढूळ दिसते, कारण त्यात इन्सुलिन आणि प्रोटामिनचे सूक्ष्म स्फटिक तरंगत असतात. एक ते दोन तासांनी ते काम सुरू करते आणि साधारण बारा ते अठरा तास टिकते. चार ते दहा तासांच्या दरम्यान त्याचा जोर स्पष्ट जाणवतो. हा मधला उंचवटाच त्याची अडचण आहे. रात्री आठच्या जेवणाबरोबर टोचलेले एनपीएच मध्यरात्रीनंतर, घर झोपेत असताना, जोरावर येते आणि साखर नकळत घसरू शकते. हे टाळण्यासाठी काही रुग्णांना ते जेवणाबरोबर न देता झोपताना देतात. पायाभूत इन्सुलिन म्हणून ते परिपूर्ण नाही हे खरे, परंतु ते स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि त्याचा अनुभव पाऊणशे वर्षांचा आहे.

दीर्घकालीन इन्सुलिनमधील सर्वांत परिचित नाव ग्लार्जिन. त्याला अमेरिकेत व युरोपात २००० मध्ये मान्यता मिळाली. त्याचा द्राव मुद्दाम आम्लधर्मी ठेवलेला असतो. टोचल्यावर शरीरातील उदासीन वातावरणात त्याचे बारीक कण साकळतात आणि त्यांतून दिवसभर इन्सुलिन सुटत राहते. ठळक उंचवटा नसतो, परिणाम सुमारे २४ तास टिकतो. म्हणून ते दिवसातून एकदा, रोज ठरलेल्या वेळी घेतात. डेटेमिरमध्ये वेगळी युक्ती आहे. त्याच्या रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडलेली असल्याने तो रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतो आणि हळूहळू सुटतो. त्याचा परिणाम मात्रेनुसार बारा ते चोवीस तास टिकतो.

अतिदीर्घकालीन प्रकारात डेग्लुडेक येते. त्वचेखाली त्याच्या झुपक्यांच्या लांबच लांब माळा तयार होतात आणि टोकांकडून एकेक रेणू सुटत जातो. परिणाम ४२ तासांहून अधिक राहतो. ते घेतातही रोज एकदाच. फायदा असा की एखाद्या दिवशी वेळ थोडी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. तोटाही याच गुणातून येतो, कारण मात्रा बदलल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात आणि दरम्यान उतावीळपणे पुन्हा मात्रा वाढवणे धोक्याचे ठरते.

मिश्र इन्सुलिन

भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे इन्सुलिन मिश्र असते. एकाच बाटलीत जेवणासाठीचे जलद आणि पायाभूत गरजेचे संथ अशी दोन्ही इन्सुलिने ठरलेल्या प्रमाणात एकत्र केलेली असतात. ‘३०/७०’ म्हणजे ३० टक्के साधे आणि ७० टक्के एनपीएच. ‘५०/५०’ मध्ये दोन्ही समसमान असतात. ॲनालॉगचीही अशी मिश्रणे मिळतात, उदाहरणार्थ २५ टक्के लिस्प्रो आणि ७५ टक्के प्रोटामिनयुक्त लिस्प्रो. येथे एक बारकावा आहे. भारतात आणि युरोपात पहिला आकडा जलद इन्सुलिनचा असतो, तर अमेरिकेत हेच मिश्रण ‘७०/३०’ असे उलटे लिहितात. परदेशी मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी तेथील बाटलीवरचा आकडा पाहून घाबरू नये, तसेच केवळ आकड्यावरून खरेदीही करू नये.

सकाळी आणि रात्री मिळून दोनच सुयांत काम भागते, हा मिश्र इन्सुलिनचा मोठा गुण. त्याची किंमत दुसऱ्या मार्गाने द्यावी लागते. दोन्ही घटक बांधलेले असल्याने एकाची मात्रा वाढवली की दुसऱ्याचीही वाढते. शिवाय सकाळी टोचलेला संथ भाग दुपारी जोरावर येतो तेव्हा पोटात अन्न असावेच लागते. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा इन्सुलिनला जुळवून घ्यायच्या असतात. ज्यांचे जेवण शेतीच्या कामावर, कारखान्याच्या पाळीवर किंवा लोकलच्या वेळापत्रकावर अवलंबून असते त्यांना हे जड जाते.

उपवासाचा प्रश्न येथेच उभा राहतो. एकादशीला नेहमीची मात्रा टोचून दिवसभर काही न खाणे धोक्याचे. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस भरपूर खाऊन ‘आज उपवास म्हणून इन्सुलिन नको’ असे ठरवणेही तितकेच चुकीचे, कारण हे पदार्थ पिष्टमय असून साखर वेगाने वाढवतात. रमजानच्या रोज्यांतही वेळा पूर्ण उलटतात. अशा दिवसांसाठी मात्रा आणि प्रकार कसे बदलायचे हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवणे आवश्यक असते.

स्वच्छ आणि गढूळ

ॲनालॉग येण्यापूर्वी एक सोपी खूण सांगितली जाई. स्वच्छ दिसते ते जलद, गढूळ दिसते ते संथ. ग्लार्जिन, डेटेमिर आणि डेग्लुडेक ही संथ इन्सुलिने पाण्यासारखी स्वच्छ असल्याने ही खूण आता चालत नाही. रूपावरून इन्सुलिन ओळखणाऱ्या वृद्ध रुग्णाने झोपतानाच्या दीर्घकालीन इन्सुलिनऐवजी तेवढेच शीघ्र इन्सुलिन टोचून घेतले तर पहाटेपर्यंत वाट पाहावी लागत नाही, तासाभरातच साखर धोकादायक पातळीवर येऊ शकते. दोन पेने वापरणाऱ्यांनी त्यांवर ठळक अक्षरांत ‘जेवणाचे’ आणि ‘रात्रीचे’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात, हा उपाय साधा पण उपयुक्त आहे.

गढूळ इन्सुलिनमधील स्फटिक तळाशी बसतात. म्हणून टोचण्यापूर्वी बाटली किंवा पेन दोन्ही तळहातांत धरून दहा वेळा अलगद फिरवावे आणि दहा वेळा वरखाली कलते करावे. खळखळून हलवू नये, त्याने फेस येतो आणि मात्रा चुकते. साधे आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असेल तर आधी स्वच्छ आणि मग गढूळ, असा क्रम पाळतात, म्हणजे स्वच्छ बाटलीत प्रोटामिन जात नाही. ग्लार्जिन कोणत्याही दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नये. स्वच्छ असायला हवे ते इन्सुलिन गढूळ झालेले दिसले किंवा गढूळ इन्सुलिनमध्ये फिरवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये.

४० आणि १००

इन्सुलिन युनिटमध्ये मोजतात. सुरुवातीच्या काळात सशाच्या रक्तातील साखर किती उतरते यावरून युनिट ठरवले होते. आता एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम मानवी इन्सुलिन. बाटलीत दर मिलिलिटरमागे किती युनिट आहेत, यावरून तिची तीव्रता ठरते. अमेरिकेत १९७०च्या दशकात आणि ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट ही तीव्रता सार्वत्रिक करण्याचा बदल झाला. भारतात मात्र दोन तीव्रता शेजारी शेजारी नांदत आहेत. मानवी इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या असतात, तर पेन, कार्ट्रिज आणि अनेक ॲनालॉगच्या बाटल्या १०० युनिटच्या.

सिरिंजही त्यानुसार दोन आहेत. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी. सिरिंजवरील खुणा युनिट दाखवतात खऱ्या, पण त्या विशिष्ट तीव्रतेचे औषध गृहीत धरून आखलेल्या असतात. समजा मात्रा २० युनिट आहे. ४० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध घेतले तर अर्धा मिलिलिटर येते आणि त्यात बरोबर २० युनिट असतात. त्याच सिरिंजने १०० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत घेतले तर द्राव तेवढाच, अर्धा मिलिलिटर, पण त्यात ५० युनिट जातात. मात्रा अडीचपट झाली. उलट, ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले तर पाचवा हिस्सा मिलिलिटर येतो आणि त्यात केवळ ८ युनिट असतात. पहिल्या चुकीने माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुसऱ्या चुकीने साखर चढत राहते आणि कारण कोणालाच कळत नाही. डॉक्टर मात्रा वाढवत नेतात. पुढे कोणी योग्य सिरिंज हाती दिली की तीच वाढवलेली मात्रा घात करते.

म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दरवेळी जुळवून पाहावा. दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे म्हटले तरी नाव, प्रमाण आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधील औषध सिरिंजने ओढून घेणे ही घरोघरी होणारी चूक आहे. कार्ट्रिज १०० युनिटचे असते आणि घरातली सिरिंज बहुधा ४० ची. ग्लार्जिनचा ३०० युनिटचा प्रकारही पेनमध्ये मिळतो. पेनची चकती युनिटमध्येच फिरत असल्याने तेथे हिशेब करावा लागत नाही, परंतु अशा पेनमधून सिरिंजने औषध काढले तर चूक कितीतरी मोठी होते. परदेशात जाताना एवढे लक्षात ठेवावे की ४० ची सिरिंज अनेक देशांत मिळतच नाही. ती येथूनच पुरेशी न्यावी.

उपचारपद्धती

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात सामान्यतः रोज एक दीर्घकालीन आणि प्रत्येक जेवणापूर्वी एक शीघ्र किंवा अल्पकालीन, अशा चार सुया घेतात. ही बेसल-बोलस पद्धत. ढोबळमानाने दिवसाची निम्मी मात्रा पायाभूत आणि निम्मी जेवणांसाठी असते. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की साखर काटेकोर राखल्याने डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांना होणारी इजा लक्षणीय घटते. त्याच अभ्यासात साखर एकदम उतरण्याचे प्रसंगही वाढले होते. नवे ॲनालॉग पुढे लोकप्रिय झाले ते प्रामुख्याने हा धोका, विशेषतः रात्रीचा, कमी करतात म्हणून. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सरासरी साखरेवरील त्यांचा परिणाम जुन्या इन्सुलिनपेक्षा फार वेगळा नाही. महाग ते अधिक गुणकारी असे येथे सरसकट म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात बहुधा गोळ्यांच्या जोडीला झोपताना एक पायाभूत सुई, किंवा मिश्र इन्सुलिनच्या दोन सुया, अशी सुरुवात करतात. टोचण्यासाठी पोट, मांड्या, दंड आणि नितंब या जागा योग्य मानतात. पोटावरून इन्सुलिन सर्वांत लवकर शोषले जाते. एकाच जागी रोज टोचल्यास तेथे चरबीच्या गाठी होतात आणि तेथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून जागा बदलत राहावी.

ताप किंवा उलट्या होत असताना ‘काही खाल्ले नाही’ म्हणून पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे जिवावर बेतते. पायाभूत इन्सुलिनची गरज उपाशीपोटीही असते, आजारपणात तर ती वाढते.

साखर एकदम कमी होणे

रक्तातील साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, चिडचिड आणि बोलण्यातील असंबद्धता ही तिची लक्षणे आहेत. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि कमीच असेल तर तेच पुन्हा करावे. पेढा किंवा चॉकलेट उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा शोषली जाते. ज्यांच्या गोळ्यांत आकार्बोज किंवा व्होग्लिबोज आहे त्यांना साधी साखर नव्हे, ग्लुकोजच द्यावे लागते. या गोळ्या साखरेचे विघटन रोखतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

कोणते इन्सुलिन घेतले होते हे सांगणे अशा वेळी फार महत्त्वाचे असते. शीघ्र इन्सुलिनचा परिणाम काही तासांत संपतो, परंतु एनपीएच किंवा दीर्घकालीन इन्सुलिन असेल तर साखर वर आल्यानंतर पुन्हा घसरू शकते.

साठवण

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवतात. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्ववत दिसले तरी निकामी झालेले असते, त्यामुळे बर्फाच्या कप्प्याजवळ ते ठेवू नये. विमानप्रवासात ते हातातील सामानात न्यावे. वापरात असलेली बाटली किंवा पेन ३० अंशांखाली, सावलीत ठेवल्यास बहुतेक प्रकार २८ दिवस चालतात. काही प्रकारांना याहून अधिक मुदत असते आणि ती वेष्टनावर दिलेली असते.

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा आणि भारनियमनाच्या गावांत हे नियम पाळणे कठीण असते. तेथे मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवणे, वर ओले फडके ठेवणे आणि इन्सुलिन पिशवीत बंद करून आतल्या मडक्यात ठेवणे ही पद्धत चांगली उपयोगी पडते. माठातील पाणी जसे गार होते, तसाच बाष्पीभवनाचा गुण येथे कामी येतो. निर्वासितांच्या छावण्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने जिनिव्हा विद्यापीठासह केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान बदलत्या तापमानातही इन्सुलिनचा गुण चार आठवडे टिकून राहिल्याचे आढळले. फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नाकारण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते विसरणे मात्र या सवलतीत बसत नाही.

भारतातील उत्पादन आणि उपलब्धता

भारतात जैवतंत्रज्ञानाने मानवी इन्सुलिन बनवण्यात दोन नावे आरंभीची आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्ट या कंपनीने २००३ मध्ये आपले इन्सुलिन बाजारात आणले आणि त्यापाठोपाठ २००४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने किण्वापासून बनवलेले इन्सुलिन आणले. बायोकॉनच्या ग्लार्जिनला २०२१ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाऐवजी परस्पर बदलून देण्याजोगे म्हणून मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळालेले ते पहिले इन्सुलिन होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दीर्घकालीन ॲनालॉग आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. भारताच्या राष्ट्रीय यादीत साधे, एनपीएच आणि ३०/७० मिश्र इन्सुलिन होतेच, त्यांत २०२२ मध्ये ग्लार्जिनची भर पडली. या यादीतील औषधांच्या किमतींवर शासनाची मर्यादा असते.

साप्ताहिक इन्सुलिन

आयकोडेक हे आठवड्यातून एकदा टोचायचे पायाभूत इन्सुलिन आहे. युरोपात त्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. डेटेमिरप्रमाणेच ते अल्ब्युमिनला चिकटते, पण कितीतरी घट्ट, त्यामुळे त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. वर्षाला ३६५ ऐवजी ५२ सुया, हे त्याचे आकर्षण आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात रोजच्या इन्सुलिनच्या तुलनेत साखर उतरण्याचे प्रसंग अधिक आढळल्याने त्या रुग्णांसाठी त्याचा वापर सावधपणेच विचारात घेतला जातो. आठवड्याची मात्रा एकाच वेळी द्यायची असल्याने त्याची तीव्रता दर मिलिलिटरला ७०० युनिट ठेवलेली आहे आणि ते केवळ पेनमध्येच मिळते.